दोन मांडवांचा मामा

मामा गेला तेव्हा त्याने नव्वदी कधीच ओलांडली होती. नेमकं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत घालताना मास्तरांनी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहिला, तो पोचला, म्हणून मनाला येईल ती तारीख लिहून टाकली, असं तो सांगायचा. शेवटचे काही दिवस तो सांगलीला दवाखान्यात होता. लग्न न केलेला माणूस, मूल ना बाळ, आणि खाटेभोवती गर्दी एवढी की तिथली नर्स कावली. "अहो, या आजोबांना मुलं तरी किती आहेत?" असं तिनं विचारलं. हिरा तेव्हा ओल्या फडक्यानं मामाचे ओठ पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मोजली न्हाईत, बाई." मला त्या परिस्थितीतही हसू फुटलं. त्या गर्दीत रक्ताच्या नात्याची अशी मी एकटीच होते, बाकीची सगळी त्याने आयुष्यभर जमवलेली. मामाचे डोळे मिटलेले होते, पण ओठाचा एक कोपरा हलला, असं मला वाटलं. हिरा म्हणते हलला नाही. ती लहानपणापासून माझं काही खरं करू देत नाही.

ही हिरा कोण, ते सांगायचं तर आधी आष्ट्याला जायला हवं. मी जन्माने सातारा जिल्ह्यातली, कोयनानगरची. वडील धरणावर वायरमन होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. पायाखालची जमीन अधूनमधून हलायची. भीती वाटायची नाही का, असं आता नातवंडं विचारतात. वाटायची, पण सवयही व्हायची. फडताळातले कप किणकिणायला लागले की आई आधी चुलीवरचं दूध खाली घ्यायची आणि मग आम्हाला अंगणात ओढायची. एकदा मात्र असा हादरा बसला की कॉलनीतल्या कितीतरी भिंती बसल्या. काही दिवस आम्ही तंबूत काढले. मग आईने माझं बोचकं बांधलं आणि मला आष्ट्याला आपल्या धाकट्या भावाकडे नेऊन ठेवलं. थोडे दिवस, असं ती म्हणाली होती. ते थोडे दिवस माझं लग्न ठरेपर्यंत चालले.

मामाचं घर म्हणजे मळ्यातल्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा सोपा. सगळीकडे हळद. हळद शिजवायचे दिवस आले की त्या मातकट, उग्र वासाने घर भरून जायचं. माझी वह्या-पुस्तकं, अंथरूण, शाळेचा डबा, सगळ्याला तोच वास. वर्गात मुली मला शाली न म्हणता हळदीची नवरी म्हणून चिडवायच्या. घरात बाईमाणूस नव्हतं, त्यामुळे स्वयंपाक मामा करायचा. चटणी तो फर्मास करायचा, शेंगदाण्याची, उखळात कुटून, तेल सुटलेली. थंडीत हुलग्याचं गरम माडगं करायचा, ते मी दोन वाट्या प्यायचे. भाकरीने मात्र त्याच्याशी उभा दावा मांडला होता. त्याची भाकरी जन्मात कधी गोल झाली नाही. मी नाक मुरडलं की तो म्हणायचा, "पोटात गेल्यावर कोन बघतंय गं, गोल हाय का चौकोनी?" माझी वेणीही तोच घालायचा, बैलाच्या दाव्याला पीळ घालावा तशी. दिवसभर मारामाऱ्या केल्या तरी ती सुटायची नाही. लग्न का केलं नाहीस, असं त्याला गावाने शंभरदा विचारलं असेल. एकदा मीही विचारलं, तर म्हणाला, "केलं असतं तर तुला कोन सांभाळलं असतं?" मी तेव्हा आठ वर्षांची, आणि त्याचं लग्नाचं वय माझ्या जन्माआधीच उलटलेलं. हा हिशोब जमत नाही हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळल्यावरही ते उत्तर मला खरंच वाटत राहिलं.

दिवाळीच्या सुमारास आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरायचे. तिकडे पाऊस नाही, चारा नाही. इकडे पाणी आणि रानं मोकळी. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावत. मेंढरांनी काही रात्री रानात मुक्काम केला की लेंड्या-मुताने जमीन कसदार होते, आणि त्याबदल्यात धनगरांना धान्य मिळतं. मामाच्या रानात दरसाल बिरू धनगराचा वाडा यायचा. वाडा म्हणजे घर नव्हे, त्यांच्या मुक्कामालाच ते वाडा म्हणतात. पुढे घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, मागे कुत्री, आणि त्यामागे पांढऱ्या-काळ्या पाठींचा लोंढा. संध्याकाळी जाळीचं कुंपण घालून मेंढरं आत घेतली की कोकरं आयांना शोधत ओरडायची आणि आया कोकरांना. तो कालवा सगळ्या मळ्यात भरायचा. मला तो इतका आवडायचा की ते पुढच्या रानात गेले की दोन-तीन दिवस घर मुकं वाटायचं.

बिरूची बायको म्हाकूबाई. मी आष्ट्याला येण्याच्या काही वर्षं आधी तिला याच रानात कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते, अवकाळी पाऊस कोसळत होता, आणि डोक्यावर घोंगडीखेरीज काही नव्हतं. मामाने तिला घरात आणलं, आतली खोली मोकळी करून दिली आणि शेजारच्या मळ्यातल्या म्हातारीला खांद्यावर बसवून चिखलातून घेऊन आला. मुलगी झाली, तीच हिरा. मग हे बाबा हटून बसले, की बाळंतीण पावसात जाणार नाही. वाडा पुढे गेला, बिरू मेंढरांमागे गेला आणि म्हाकूबाई महिनाभर मामाच्या घरी राहिली. गावाला चघळायला विषय मिळाला. मामाने शेजारच्या म्हातारीला रोज रात्री सोबतीला झोपायला बोलावलं आणि दिवसा स्वतः डिंकाचे लाडू वळले. ते कसे झाले असतील याची मला कल्पना आहे. ती निघाली तेव्हा म्हातारीच्या हातून तिची ओटी भरवली, लुगडं दिलं आणि म्हणाला, "म्हाकू, हितं बाळात झालीस, आता ह्येच तुजं म्हायेर." म्हाकूबाईला पाठचा भाऊ नव्हता. त्या दिवसापासून ती त्याला दादा म्हणायला लागली.

माझ्या आईला ते कधी पचलं नाही. आई मनाने वाईट नव्हती, पण भाऊ एकच आणि तोही असा वाटून घ्यायचा म्हणजे तिला फार जड जायचं. भाऊबिजेला ती कोयनेहून यायची, तर सोप्यात म्हाकूबाई आरतीचं ताट घेऊन आधीच बसलेली. "आक्का, या की," असं ती भाबडेपणाने म्हणायची आणि आईचा पारा चढायचा. "भाऊ माझा, आनि ही मला या म्हनती," असं पुटपुटत ती आत जाऊन भांडी आदळायची. मामा खाली मान घालून मिशीत हसायचा. आम्हा पोरींचं मात्र छान जमलं होतं. हिरा माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची आणि माझ्यावर हुकूम सोडायची. कोकरू कसं धरायचं ते तिनं मला शिकवलं. थंडीत ती माझ्याजवळ झोपायची आणि सकाळी माझ्याही केसांना मेंढराचा वास यायचा. हळद आणि मेंढरू, असा माझा लहानपणीचा वास. अजून कुठे बाजारात तो नाकात गेला की माझी पावलं थांबतात.

माझं लग्न औंधच्या एका फौजी मुलाशी ठरलं. त्याला रजा मोजकी, मुहूर्त एकच निघत होता आणि लग्न त्यांच्याच दारात, औंधला व्हायचं होतं. चार दिवसांनी बिरू निरोप घेऊन आला. हिराचंही ठरलं होतं. पाऊस पडायच्या आधी सगळे वाडे आपापल्या गावी परततात, तेवढ्या दिवसांतच त्यांची लग्नं उरकतात. गावात एकच मांडव घालतात आणि त्यात चार-पाच जोडपी ओळीने उभी करतात. दिवस सगळ्या गावाने मिळून धरलेला. तो नेमका माझ्याच लग्नाचा दिवस निघाला. आमच्याकडे मुलीला मांडवात मामा घेऊन येतो, अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. आणि आम्हा दोघींना मिळून मामा एक.

मामा दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आई खरेदीसाठी आष्ट्याला आलेली होती. मामा सोप्यात तिच्यासमोर जाऊन बसला. मी दाराआड होते.

"आक्का, मी हिरीकडं जातो."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "काय म्हनलास?"

"शालीच्या मागं उभं ऱ्हायाला आपला चुलतभाऊ किसन हाय. तुमचा गोतावळा हाय. म्हाकूला कोन हाय? हिरीच्या सासरच्यांनी आदीच म्हनून ठेवलंय, त्यो मामा परका, आपल्यातला न्हाई, कशाला यील. आनि मी न्हाई गेलो तर त्यांचंच खरं हुईल गं. जलमभर पोरीला ऐकून घ्यावं लागंल."

"आनि माझ्या पोरीला? तिला कोन सांभाळंल रं? किसननं?"

मामा सुपातला एक खडा उचलून बोटांत फिरवत राहिला.

"जा तू. पर मग मला भाऊ न्हाई असंच मी समजीन," असं म्हणून आईने सूप बाजूला सारलं. तांदूळ सांडला. मी दाराआड रडत होते. मला मामा हवा होता. त्याचं म्हणणं मला पटत होतं आणि तरीही तो मलाच हवा होता, हे आज म्हातारपणीही मी लपवणार नाही. थोड्या वेळाने तो आत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "शाले, तुज्यापाशी मी चौदा पावसाळं होतो. तिच्यापाशी एक दुपार तरी नगं का?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमचं वऱ्हाड औंधला गेलं आणि मामा एकटा आटपाडीच्या गाडीत बसला. सकाळी हळद लागली. आई कुणाशी धड बोलत नव्हती. किसनमामा इस्त्रीची टोपी घालून, घाम पुसत तयार बसला होता. बिचारा भला माणूस, पण त्याने मला आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. मुहूर्त जवळ आला, कर्ण्यावरून हाक झाली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मांडवाच्या तोंडाशी गडबड उडाली. धुळीने माखलेला मामा आत येत होता. त्याच्यामागे पिवळा फेटा बांधलेला बिरू. लेकीचं लग्न घरी सोडून तो आमच्या दारात उभा होता.

"आक्का, ह्यो घ्या तुमचा भाऊ," बिरू म्हणाला. "हळद लागली, पर हिरी पाटावर उभी ऱ्हाईना बगा. म्हनली, ज्या ताईला मामानं न्हानाची थोर केली, तिच्या मागं त्यो नसंल तर माज्या मागं कशाला? आदी तिकडं उभा ऱ्हाऊन येऊ द्या, मग माज्यावर अक्षता टाका. ह्ये काय यायला तयार न्हवतं. कांद्याच्या ट्रकात घालून आनलंय."

"आनि तिचं लगीन?" आईने विचारलं.

"बाकीच्यांच्या अक्षता पडतील. हिरी बसून ऱ्हाईल. पावनं गोरजापातूर थांबतो म्हनालं. दिवस बुडाला की नवरा उठवून नेनार. उद्या समदं पावनं आपापल्या गावाला पांगत्यात, आवं, त्यांचं बी काय चुकलं न्हाई."

आई बिरूकडे बघत राहिली. मग तिने पदराने मामाच्या खांद्यावरची धूळ झटकायला सुरुवात केली. झटकतच राहिली, शेवटी भटजी ओरडले. मामाने मला मांडवात नेलं, माझ्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टका चालू असताना त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता, आणि कांद्याचा वास. माझ्या लग्नातलं मला आठवतं ते एवढंच. नवऱ्याचा चेहरा मी नंतर पाहिला.

अक्षता पडल्या पडल्या मामा निघाला. बिरूने पाणीसुद्धा घेतलं नाही. "लेकीचं हुईस्तवर न्हाई," म्हणाला. पण त्या वेळेला तिकडे जाणारी गाडी कुठली? तेव्हा माझा नवरा, ज्याच्याशी मी अजून एक शब्दही बोलले नव्हते, पुढे झाला. त्याच्या मित्राची जीप दाराशी होती. "मामा, बसा. आम्ही दोघं पण येतो." सासूबाईंचे डोळे विस्फारले. नवी नवरी, देवीच्या पाया पडायच्या आधी वेशीबाहेर! सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. फार करारी बाई होती ती, पुढे मला तिनं पुष्कळ रडवलं. पण त्या दिवशी तिनं जे केलं त्यावर मी तिचं सगळं सोडून दिलं. "डोंगरावरच्या यमाईला उद्या जावा," ती म्हणाली. "आत्ता गावातल्या देवळात डोकं टेका आनि सुटा. कुनाच्या तरी लेकीचं अडलंय तितं."

आम्ही देवळातून धावत आलो तर जीपमध्ये पुढच्या जागेवर आई बसलेली. मांडीवर खण-नारळाचं ताट, त्यावर तिच्या स्वतःच्या ट्रंकेतली कोरी साडी. वडील काहीतरी विचारत होते, त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. "बसा लवकर," ती आमच्यावरच खेकसली, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हान बाबा."

रस्ता कसला, खड्डेच. मुंडावळ्या माझ्या डोळ्यांवर येत होत्या, मामा मागे बसून सारखा वाकून आभाळाकडे बघत होता. जसजसं पूर्वेकडे जावं तसतसं रान उजाड होत गेलं, बाभळी आणि खडक. एका चढाला जीप तापली. नवऱ्याने आणि बिरूने कुठूनशी विहीर शोधून घागरभर पाणी आणलं. मामा रस्त्याच्या कडेला उभा राहिला होता, हात जोडून, सूर्याकडे तोंड करून. त्याला देवाधर्माचं फारसं नव्हतं. मी त्याला तसं दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

आम्ही गावात शिरलो तेव्हा ढोल थांबलेले होते. मांडवात पाच पाट मांडलेले, चार रिकामे. शेवटच्या पाटाजवळ हिरा बसली होती, तोंडावर हळद वाळून गेलेली, दोन्ही हात गुडघ्यांत. तिच्या मागे म्हाकूबाई. नवऱ्या मुलाकडची माणसं उठून खांद्यावर घोंगडी टाकत होती. हिराने जीपचा आवाज ऐकून मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, "आलं! मी म्हनलं न्हवतं?" मग तिनं मला पाहिलं, मुंडावळ्यांसकट, आणि तिचा बांध फुटला.

मुलाचा चुलता म्हातारा होता, पण आवाज कडक. "बिरू, शब्द दिलता तो आमी पाळला. पर दिवस बुडाला. त्यो बगा, डोंगराआड गेला. आता न्हाई जमायचं."

मामाने नुसते हात जोडले. बिरूनेही. तेवढ्यात ताट हातात घेतलेली माझी आई त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डोंगराआड गेला म्हंजे बुडाला व्हय?" ती म्हणाली. "मी कोयनेला ऱ्हाते. आमच्यात चहूबाजूनं डोंगर. त्यो दुपारच्या चहालाच आड जातोय. मग काय आमी तवाच जेवून झोपतो? लख्ख उजेड हाय बगा, माझ्या हातावरच्या रेषा दिसत्यात. तुमाला दिसत न्हाईत व्हय?" आणि तिने तळहात त्याच्या नाकासमोर धरला.

कुणीतरी हसलं. म्हातारा गडबडला. "तसं न्हवं, बाई. पर तुमी कोन?"

"मी ह्याची सख्खी भन," आई म्हणाली. "म्हंजे हिची मावशी. आमच्या पोरीचा मामा आलाय, दुसऱ्या पोरीला उभी करून आलाय, आनि तुमी सूर्य काय दावताय मला? टाका अक्षता."

म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी काढली आणि परत खाली अंथरली. ढोल वाजायला लागले. मामा हिराच्या मागे जाऊन उभा राहिला. बिरूने मागून त्याच्या पाठीला हात लावून धरला होता. म्हाकूबाईने आईच्या ओंजळीत अक्षता घातल्या आणि आईने त्यातल्या निम्म्या माझ्या हातात दिल्या. मघाच्या अक्षता माझ्या केसांत तशाच होत्या. मला अक्षता टाकता टाकता हुंदका ऐकू आला, म्हणून मी वळून पाहिलं. दुपारी माझ्या लग्नात आई रडली नव्हती. हिराच्या लग्नात ती म्हाकूबाईच्या गळ्यात पडून, लेक सासरी निघालेली बाई रडते तशी, मोठ्याने रडत होती.